माऊसपॅडवरचा पोरगा आणि त्याचं मांजर

माऊसपॅडवरच्या चित्रातला पोरगा रॉबिन हूड आहे का, आणि पॅड फ्रेम करायचा की वापरायचा, असं तुम्ही विचारलंत. फोटो मोठा करून पाहिला. टेकडीच्या वाटेवर दगडावर बसलेला पोरगा, काठीला बांधलेलं गाठोडं, पायाशी काळं मांजर आणि लांब खाली शहर. हा रॉबिन हूड नव्हे. तो असता तर हातात धनुष्य असतं आणि मागे रान. हा डिक व्हिटिंग्टन. इंग्लंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे ही. नाताळच्या दिवसांत तिथे पँटोमाइम नावाची धमाल नाटकं होतात, त्यात डिकचा खेळ दरवर्षी कुठे ना कुठे लागतोच. मांजराच्या वेषात माणूस असतो.

गोष्ट अशी. लंडनचे रस्ते सोन्याचे आहेत असं ऐकून अनाथ डिक तिथे येतो आणि एका व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात राबायला लागतो. झोपायच्या माळ्यावर उंदरांचा सुळसुळाट, म्हणून एका पेनीला मांजर घेतो. मालकाचं जहाज परदेशी निघतं. प्रत्येक नोकराने विक्रीसाठी काहीतरी द्यायचं असतं, याच्याकडे मांजराखेरीज काही नाही, म्हणून तेच देतो. पुढे स्वयंपाकिणीच्या जाचाला कंटाळून पळतो आणि लंडनच्या उत्तरेला हायगेटच्या टेकडीवर टेकतो. तेवढ्यात लंडनमधल्या बो चर्चच्या घंटा वाजतात: मागे फिर व्हिटिंग्टन, तू तीनदा लंडनचा मेयर होशील! तो फिरतो. तिकडे उत्तर आफ्रिकेत एका राजाच्या ताटातलं अन्न उंदीर पळवत असतात, ते मांजर सोन्याच्या राशी देऊन विकत घेतलं जातं आणि डिक श्रीमंत होतो.

आता तुमचं चित्र पुन्हा बघा. टेकडीवर घंटा ऐकताना मांजर कुठे असायला हवं? जहाजावर! पायाशी बसलेलं मांजर गोष्टीशी जुळतच नाही. तरी बहुतेक चित्रकार ते तिथे काढतात. हायगेटच्या चढावर व्हिटिंग्टनच्या नावाचा दगड आहे, त्यावरही १९६४ साली मांजराचा पुतळा बसवला. मांजर नसेल तर ओळखणार कसं, एवढंच त्यामागचं कारण. आणि ही खोड जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रेनॉल्ड एल्स्ट्रॅक या कोरीवकाम करणाऱ्याने छपाईसाठी पत्र्यावर व्हिटिंग्टनचं चित्र कोरलं, त्यात त्याचा हात कवटीवर ठेवलेला होता. गिऱ्हाइकांना मांजर हवं होतं. मग त्याच पत्र्यावर कवटी खोडून मांजर कोरलं. तुमच्या माऊसपॅडवाल्याने वेगळं काही केलेलं नाही.

खरा रिचर्ड (डिक हे त्याचंच लाडकं रूप) व्हिटिंग्टन अनाथ नव्हता. ग्लॉस्टरशरमधल्या पाँटली गावच्या जमीनदाराचा धाकटा मुलगा. इस्टेट थोरल्याकडे जाणार, म्हणून लंडनला येऊन रेशीम-मखमलीच्या व्यापारात शिरला. राजदरबारी माल पुरवला, राजांना कर्जं दिली. १३९७ मध्ये मेयर वारल्यावर राजानेच त्याला नेमलं, मग १३९७, १४०६ आणि १४१९ साली तो निवडून आला. म्हणजे कारकिर्दी चार. घंटांनी बहुधा फक्त निवडणुका मोजल्या! मूलबाळ नव्हतं, १४२३ मध्ये वारला तेव्हा संपत्ती दानधर्माला गेली. मांजराचा पुरावा मात्र कुठेच नाही. ती कथा त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी छापलेली सापडते.

फोटो तिथे धूसर आहे, म्हणून तुम्हीच बघून सांगा: शहरात मोठा घुमट दिसतो का? तो सेंट पॉल या लंडनच्या मोठ्या चर्चचा. १६६६ च्या लंडनच्या आगीनंतर बांधलेला, व्हिटिंग्टनने कधी न पाहिलेला. चित्रकार हमखास तिथे घसरतात.

फ्रेम करायची की वापरायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. बिनधास्त वापरा. उंदीरमाऱ्या मांजराच्या पाठीवर माऊस फिरवायची मजा भिंतीवर टांगून कशी मिळणार? कापडी पॅडवर ही चित्रं बहुतेक उष्णतेने धाग्यात उतरवलेली असतात, त्यामुळे सहज खरवडली जात नाहीत. मळला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सपाट ठेवून सावलीत वाळवा. चित्रावर वरून चकचकीत प्लास्टिक मात्र चिकटवू नका. माऊसच्या पोटातला सेन्सर पृष्ठभागाचे भराभर फोटो घेऊन हालचाल ओळखतो, चकाकीवर तो गोंधळू शकतो आणि पॉइंटर उड्या मारायला लागतो.