दंगल 'उसळली' की 'घडवली'?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दंगलींमुळे एखाद्या मागणीचं भलं होतं की वाटोळं, आणि निवडणुकीत त्याचा फायदा कोणाला होतो, यावरचा एक इंग्रजी लेख तुम्ही मराठीत आणताय. मूळ लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'रायट' हा एकच शब्द आहे. तुम्ही सगळीकडे 'दंगल' लिहिलंत. पुणे-नगरकडचे शेतकरी सावकारांवर चालून गेले त्या १८७५ च्या प्रसंगाला संपादकांनी 'उठाव' केलं, अमेरिकेतल्या १९६८ च्या प्रसंगाला 'हिंसक आंदोलन' केलं आणि एके ठिकाणी 'दंगा' राहिला होता त्यावर लाल फुली मारून 'हा बालवर्ग आहे का?' असा शेरा लिहिला. तिकडे एका शब्दात भागतं, मग इथे तीन कशाला, असं तुमचं म्हणणं.

शेरा खवचट आहे, पण संपादकांचा कान शाबूत आहे. 'दंगा' एकवचनात असला की तो बहुतेक पोरांचा असतो. 'आजोबा झोपलेत, दंगा करू नका.' दंगामस्ती, दंगाधोपा ही त्याचीच भावंडं. तोच शब्द अनेकवचनात गेला की दुकानांची शटर खाली येतात: 'शहरात दंगे झाले', 'दंगे भडकले'. नुसतं वचन बदलल्यानं खोडीचा रक्तपात होतो, असं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

पोलिसांची मराठी याला अपवाद. तिथे एकवचनी दंगासुद्धा गंभीरच. 'दंगा काबू पथक' गणपतीच्या आधी चौकात रंगीत तालीम करतं, ते काही बालवाडीसाठी नव्हे. कायद्याच्या भाषेत पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव आणि त्यातल्या कोणीही समान उद्देशासाठी केलेला बळाचा वापर म्हणजे दंगा. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम १४६ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते १९१ झालं. माझे मामा ठाणे अंमलदार होते. बांधावरून भावकी काठ्या घेऊन एकमेकांवर धावली की ते 'गर्दी मारामारी' दाखल करायचे. मामांच्या हिशेबानं तालुक्यात आठवड्याला एक 'रायट' व्हायची आणि गावात कोणी तिला दंगल म्हणायचं नाही.

आता 'दंगल'. कोशकार या शब्दाचं मूळ फारसीत दाखवतात. हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचं मैदान, आणि दंग्याला ते दंगाच म्हणतात. मराठीतही जुनी माणसं 'कुस्त्यांची दंगल' म्हणत, पण कोल्हापूर-सांगलीकडे आता 'मैदान' किंवा 'फड' हेच शब्द कानावर येतात आणि दंगल दगडफेक-जाळपोळीच्या वाट्याला गेलीय. म्हणून हिंदी वाहिनीवरची 'चुनावी दंगल' जशीच्या तशी 'निवडणुकीची दंगल' करून मराठी पडद्यावर आली की माझ्यासारख्याला आधी संचारबंदी आठवते.

खरी अडचण अर्थापेक्षा सवयीची आहे. मराठी कानाला दंगल म्हटलं की दोन बाजू लागतात. सरकार किंवा सावकाराविरुद्ध उठलेला जमाव दंगलीत चटकन बसत नाही. दोन जमाती, दोन वस्त्या, वर्तमानपत्रांच्या सोवळ्या भाषेत 'दोन गट' असले की बसतो. (दुसऱ्या दिवशीचं शीर्षक ठरलेलं असतं: 'तणावपूर्ण शांतता'.) त्यामुळे 'दंगलीमुळे फायदा होतो का?' असं विचारलं की मराठी वाचकाच्या मनात मागणी येतच नाही, पक्ष येतो. मुंबईच्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, श्रीकृष्ण आयोग आणि मग १९९५ ला आलेलं युतीचं सरकार, अशी साखळी डोक्यात तयारच असते. ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या निवडणुकीत शिवसेनेला ७३, भाजपला ६५ आणि काँग्रेसला ८० जागा होत्या, आणि ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांतले बरेचसे काँग्रेसनं तिकीट नाकारलेले बंडखोर. म्हणजे दंगलीनं काय दिलं आणि 'बंडा'नं काय दिलं, हे वेगळं काढणं सोपं नाही. बंड या शब्दाचीही काय दशा झाली बघा. १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांनी केलं ते बंड, आणि तिकीट कापल्यावर अपक्ष अर्ज भरला तरी बंडच.

फडक्यांच्या बंडाआधी चार वर्षं, त्याच पुणे जिल्ह्यात, तुमच्या लेखातला १८७५ चा प्रसंग घडला. इथे थोडं थांबू, कारण संपादकांशी तुमचा खरा वाद याच शब्दावर आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, १८६१ नंतर इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. वरून १८६७ च्या फेरपाहणीत शेतसारा वाढला. सावकार दारात आले ते दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे घेऊन. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या कर्जदाराचं घर हुकूमनाम्याच्या जोरावर पाडायला घेतलं आणि गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी नाही, परीट नाही. इथवर अंगाला कोणी हात लावला नव्हता. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला (हे आता बारामती तालुक्यात आहे) बाजारचा दिवस होता. आसपासच्या गावांचे कुणबी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, वह्या आणि खतं-रोखे, म्हणजे कर्जाचे दस्तऐवज, बाहेर काढले आणि जाळले. दुकानं लुटली, काही सावकारांची घरं पेटवलीही. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत गेलं. पण चौकशी आयोगाला जे दिसलं ते मोलाचं आहे: जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं हातात दिले, तिथे जमाव कागद जाळून घरी गेला. मारहाण झाली ती बहुतेक कागद नाकारले तिथे.

सरकारदरबारी याचं नाव पडलं 'डेक्कन रायट्स'. त्याचं शब्दशः मराठी 'दख्खनचे दंगे', आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं अजून तेच घोकवतात. 'दंगे' म्हणण्यात सरकारची सोय होती. दंग्याला धरपकड पुरते. उठाव म्हटला की कशाविरुद्ध, हे विचारावं लागतं, आणि मग शेतसाऱ्याचं उत्तर सरकारनंच द्यायला लागतं. तरी चौकशीला आयोग नेमावाच लागला आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा साह्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. न्यायाधीशाला नुसता रोखा न बघता मूळ रक्कम किती, व्याज किती चढलं, हे खणून काढण्याची मुभा मिळाली. सुप्याच्या बाजारात जळाली ती खतं, आणि कायद्यानं संशयाच्या जागी बसवली तीही खतंच. एवढं नेमकं लक्ष्य आणि एवढं नेमकं फळ असताना मी त्याला दंगे म्हणणार नाही. 'उठाव' हेच बरोबर, संपादकांना माझा दुजोरा कळवा. अर्थात कायद्यामुळे सावकारी संपली असं समजू नका. सावकारांनी नुसत्या रोख्याऐवजी गहाणखतं आणि खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली.

'दंगल' शब्दातल्या दोन बाजू कधी अन्यायही करतात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. याला सर्रास 'मराठवाड्यातली दंगल' म्हणतात. एक बाजू जाळतेय आणि दुसरी जळतेय, तर दंगल कसली? तिथे 'हल्ले', 'अत्याचार' असंच लिहावं. आणि तुमच्या मुद्द्याला या प्रकरणाइतका जवळचा मराठी दाखला नाही. हिंसा विरोधकांनी केली, ठराव अडकून पडला, आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव बदललं ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं. मागणी होती नामांतराची, हाती आला 'नामविस्तार'. 'मराठवाडा' हा शब्द पाटीवर राहिला. जाळपोळीनं कोणाच्या पदरात काय पडलं, ते त्या दोन शब्दांमधल्या अंतरात दिसतं.

अमेरिकेच्या भागात संपादकांनी 'हिंसक आंदोलन' केलंय ते मात्र मला पटत नाही. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शंभरावर शहरांत जाळपोळ झाली. आंदोलन म्हटलं की मराठीत पुकारणारा कोणीतरी लागतो, मागण्यांचं निवेदन लागतं. इथे ते नव्हतं. 'उद्रेक' लिहा. आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घर विकताना किंवा भाड्यानं देताना वर्णभेद करायला मनाई करणारा कायदा सहीनिशी झाला, आणि नोव्हेंबरात 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणत रिपब्लिकन पक्षाचे निक्सन अध्यक्ष म्हणून निवडून आले. एकाच वर्षात उद्रेकाच्या पाठोपाठ कायदाही आला आणि डेमोक्रॅट पक्षाच्या हातची निवडणूकही गेली. ओमर वासाव या अभ्यासकानं २०२० मध्ये जो निष्कर्ष मांडला तो शब्दवेड्यांना आवडावा असा आहे: शांततेची निदर्शनं झाली तिथे वर्तमानपत्रांची शीर्षकं नागरी हक्कांविषयी बोलू लागली आणि गोरे मतदार डेमोक्रॅट पक्षाकडे झुकले, निदर्शकांनीच हिंसा केली तिथे शीर्षकं दंगल आणि सुव्यवस्थेची झाली आणि ते रिपब्लिकन पक्षाकडे वळले. उलटा दाखलाही आहे. १९९२ च्या लॉस एंजेलिसमधल्या उद्रेकानंतर तिथल्या मतदारांचा सरकारी शाळांवरच्या खर्चाला पाठिंबा वाढला, असं रायन एनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. त्या प्रसंगाला कोणी 'रायट' म्हणतं, कोणी 'अपरायझिंग', आणि ज्यांची दुकानं जळाली ते कोरियन लोक 'सा-इ-गु', म्हणजे नुसते चार-दोन-नऊ, २९ एप्रिल. नाव घेतलं की बाजू घ्यावी लागते, म्हणून तारीख.

नामावर एवढा खल झाला, पण क्रियापद कोणी तपासलं नाही. तुमच्या मसुद्यात 'दंगल उसळली' सहा वेळा आहे. उसळते ती लाट. तिला कर्ता नसतो. 'पेटली', 'भडकली' हीसुद्धा तशीच. 'घडवली' किंवा 'पेटवली' म्हटलं की लगेच कोणी, हा प्रश्न उभा राहतो आणि वकिलाची आठवण होते. मूळ लेखकानं जिथे कोणाच्या चिथावणीचा पुरावा दिलाय तिथे 'घडवली' लिहायला कचरू नका, आणि जिथे दिला नाही तिथे 'झाली' हे साधं क्रियापद पुरे.

'दंगल: फायदा की तोटा?' हे शीर्षकही बदला. किराणा दुकानाच्या हिशेबासारखं वाटतं. 'जाळपोळीनं पदरात काय पडतं?' कसं वाटतंय बघा. आणि सातव्या पानावर 'निवडणुकीच्या दंगलीत उतरलेले उमेदवार' असं राहून गेलंय, तिथे 'आखाड्यात' करा, नाहीतर त्यांतला एखादा अब्रुनुकसानीची नोटीस धाडेल.