संशोधनाचा खुराक कोण देणार? : वाचकांचे प्रश्न

गेल्या खेपेला खासगी न्यास आणि फाउंडेशनं संशोधनाला पैसे कसे देतात यावर लिहिलं आणि टपाल वाढलं. त्यातले पाच प्रश्न घेतोय.

मी गारगोटीजवळच्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पीएच.डी. शिवाजी विद्यापीठाची. मोठी फाउंडेशनं आमचे अर्ज उघडून तरी बघतात का?

बघतात. पण पुढच्या पायरीवर पत्ता आडवा येतो, हे लपवून उपयोग नाही. परीक्षकाच्या मनात साधे प्रश्न असतात. नमुने गोठवून ठेवायला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आहे का? रात्री वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार? खरेदीची फाइल किती टेबलांवर झोपते? म्हणून यजमान संस्था नीट निवडा. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि आरोग्यावरच्या संशोधनाला पैसे देणारा लंडनचा वेलकम ट्रस्ट मिळून 2008-09 पासून 'इंडिया अलायन्स' चालवतात. तिथे फेलोशिप व्यक्तीला मिळते, पण पाठीशी भारतातली ना-नफा संस्था लागते. विद्यापीठ किंवा वैद्यकीय महाविद्यालय यजमान व्हायला तयार असेल तर अर्धी लढाई तिथेच.

उरलेली अर्धी प्रश्नात आहे. बेंगळुरूत जे यंत्र आहे त्याच यंत्रावरचं काम तुम्ही मागायला गेलात तर हरणार. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे वीस हंगाम काढलेल्या माणसाच्या फुप्फुसाचं काय होतं, हे विचारा. त्यासाठी बेंगळुरूकराला आधी गाडी भाड्याने घ्यावी लागेल, तुम्ही चालत जाल.

आणि पैसा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. शाहू महाराजांच्या संस्थानात पैलवानाला आश्रय मिळे, खुराक मिळे. दर कुस्तीमागे हिशेब मागून पैलवान घडत नाही हे आपल्याकडे तालमीतल्या पोरालाही कळतं. अमेरिकेतली हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूट (स्थापना 1953) याच पद्धतीने चालते. ती प्रकल्प निवडत नाही, माणूस निवडते आणि त्याला 7 वर्षं सांभाळते. 2011 साली काही अर्थशास्त्रज्ञांनी या मंडळींची तुलना सरकारी अनुदानावरच्या तितक्याच तोलामोलाच्या शास्त्रज्ञांशी केली. ह्यूजेसवाल्यांकडून गाजलेली कामं जास्त निघाली, आणि सपशेल फसलेलीही जास्त. सरकारी अधिकाऱ्याला फसलेल्या कामाचा जाब द्यावा लागतो, न्यासाला सहसा नाही. खासगी पैसा मागायचा तो या सवलतीसाठी. दर तिमाहीला निष्पत्ती मागणारं फाउंडेशन भेटलं तर त्यापेक्षा सरकारी योजना बरी.

अर्ज लिहिताना पार्श्वभूमी अर्ध्या पानात आटपा. मी पहिल्या अर्जात चार पानं पार्श्वभूमी लिहिली होती, तो नापास झाला ते योग्यच झालं.

शिरोली एमआयडीसीत माझी फौंड्री आहे. आई कॅन्सरने गेली. तिच्या नावाने 25 लाख कॅन्सर संशोधनाला द्यायचेत. सीएसआरमध्ये बसतील का? कुठे द्यावेत?

आधी कायद्याचं. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातला काही वाटा समाजाच्या कामावर खर्च करणं. आदल्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ 500 कोटी, यांतली एकही रेघ ओलांडली नसेल तर सीएसआरचं बंधन तुम्हाला नाही. स्वतःच्या खिशातून द्या, करसवलतीचं सीए बघतील. ओलांडली असेल तर मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावाच लागतो, आणि सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं व राष्ट्रीय प्रयोगशाळा त्यात बसतात. अडचण 31 मार्चची आहे. संशोधन मार्चमध्ये संपत नाही. मग मार्चअखेर घाईने यंत्र घेतलं जातं आणि ते पुढची दोन वर्षं प्लॅस्टिकच्या कव्हरात बसतं. अशी यंत्रं मी पाहिली आहेत. यावर कायद्यातच वाट आहे. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी 3 वर्षं तो चालवता येतो. न खर्चलेले पैसे मात्र वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.

आता कुठे द्यायचे. 25 लाखांत औषध सापडत नाही, असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती दोराबजी टाटा यांनी 1932 मध्ये त्यांच्या नावाने न्यास केला, तो आजही त्याच रोगाच्या संशोधकांना पैसे देतो. तुमच्यासारखंच दुःख, फक्त थैली मोठी. पुढे दोराबजींच्या न्यासाने परळला टाटा मेमोरियल उभं केलं (1941). 1957 मध्ये ते आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. इतकं मोठं रुग्णालय कायमचं चालवणं न्यासाच्या आवाक्यातलं नव्हतंच, पण ते उभं राहायला न्यास लागला.

तुमच्या रकमेत दोन गोष्टी नीट होतात. एक, माणूस. संशोधक विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढची तीन वर्षं 42,000 धरले तर पाच वर्षांचे 24 लाख होतात, घरभाडं वेगळं. म्हणजे आईच्या नावाने एक अख्खी पीएच.डी. दुसरी, नोंदी. बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही चालते. गावोगाव जाऊन विचारणारी माणसं नसती तर खेड्यातल्या बाईला कुठला कॅन्सर जास्त होतो हे आपल्याला मुंबईच्या आकड्यांवरून ताडावं लागलं असतं. अशा कामात पगार देणारा दाता दुर्मीळ असतो, कारण इमारतीवर नाव कोरता येतं, घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यावर येत नाही. तरी तुम्हाला आईच्या नावाने द्यायचेत, म्हणून मला विचाराल तर पीएच.डी.ला द्या.

आमच्या पन्हाळा भागात उसात काम करताना साप चावतोच. यावरच्या संशोधनाला कुणी श्रीमंत पैसे का देत नाही?

देतात, फार उशिरा का होईना. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं 2017 मध्ये. 2019 मध्ये वेलकम ट्रस्टने 7 वर्षांसाठी 8 कोटी पौंड जाहीर केले. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण 58,000. तरी कंपन्या नव्या औषधात पैसा घालत नाहीत, कारण मरतो तो शेतमजूर.

आजही घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढतात. ही रीत सव्वाशे वर्षांची आहे. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं, म्हणजे सापही तिकडचे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि त्यामुळे काही ठिकाणी प्रतिविष कमी पडतं, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेने दाखवलं आहे. घोड्याशिवाय, सगळ्या प्रदेशांत चालेल असं औषध हे धाडसी काम, आणि खासगी पैशाची खरी जागा तिथे आहे. तोवर साप चावला की मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना. हे अजून लिहावं लागतं.

या दानामागे दात्यांचाच फायदा नसतो का? – निवृत्त शिक्षक, इचलकरंजी

कधी असतो, गुरुजी. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांत घट्ट कफ साठवणारा जनुकीय आजार. त्यासाठीच्या अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने रुग्णांच्या नातेवाइकांकडून जमवलेला पैसा एका औषध कंपनीत घातला. 2012 मध्ये औषध मंजूर झालं, किंमत वर्षाला सुमारे 3 लाख डॉलर. 2014 मध्ये फाउंडेशनने आपला रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतल्या वाट्याचा, हक्क 330 कोटी डॉलरला विकला. पैसा पुन्हा संशोधनाला मिळाला हे खरं, पण किमतीवर कुणाचा लगाम नव्हता.

याउलट आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या लशीचं बघा. गेट्स फाउंडेशनने 2001 मध्ये 7 कोटी डॉलर दिले, पण एक डोस अर्ध्या डॉलरच्या आत मिळाला पाहिजे हे आधीच ठरलेलं. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केली आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. दात्याचं मन आपण वाचू शकत नाही, करार वाचू शकतो. किंमत त्यात आहे का ते बघायचं.

मुलाला दुर्मीळ जनुकीय आजार आहे. परदेशी फाउंडेशन उपचाराला मदत करेल का?

ताई, बहुतेक नाही. संशोधनाचं अनुदान उपचाराला वापरता येत नाही. तुमची वाट दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातून (2021) जाते. यादीतल्या आजारांना ठरलेल्या केंद्रांत 50 लाखांपर्यंत मदत मिळते, आणि मुंबईचं केईएम हे असंच एक केंद्र आहे. कुणी 'ट्रायलमध्ये घेतो, इतके भरा' म्हणालं तर उठून या. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, आणि चाचणी नोंदलेली आहे का हे सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. केईएमला जाताना जनुकीय तपासणीचा मूळ अहवाल सोबत ठेवा, नुसती झेरॉक्स नेऊ नका.