‘कल्टिवेशन’ म्हणजे साधना. मग ‘ट्रिब्युलेशन’ला काय म्हणायचं?

इंग्रजी सबटायटल वाचत चिनी अद्भुतरम्य मालिका पाहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : ‘यातली पात्रं सारखी “कल्टिवेशन” करत असतात आणि मध्येच त्यांच्यावर “ट्रिब्युलेशन” येतं. मैत्रिणीला गोष्ट सांगताना मी “तपश्चर्या” आणि “संकट” म्हणते, पण मालिका पाहताना जे जाणवतं ते त्यात येत नाही. योग्य शब्द कोणते?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : साधना. मूळ शब्द ‘श्यूल्येन’. त्यातला ‘श्यू’ चिनी माणूस सायकल दुरुस्त करतानाही वापरतो, आणि ‘ल्येन’ म्हणजे धातू तापवून शुद्ध करणं. आपलं ‘तावून-सुलाखून निघणं’ अर्थाला अगदी चिकटून आहे, पण त्याचं सुटसुटीत नाम होत नाही. ‘तपा’तही ताप आहेच. तरी आपल्या कथांत तपाच्या शेवटी देव प्रसन्न होऊन ‘वर माग’ म्हणतो. इथे वर देणारं कुणी नाही. इथे पायऱ्या आहेत. आधी प्राणशक्ती साठवायची, मग पाया रचायचा, मग बेंबीखाली ‘सोन्याची गुटिका’ धरायची. ही सगळी ताओवादी किमयागारांची परिभाषा. (कुंडलिनीशी तिचा सांधा घाईने जुळवू नये.) गुरू, सराव, पायऱ्या असं सगळं असलं की मराठीत त्याला साधनाच म्हणतात. ती पुरी झाली की माणूस ‘श्येन’ होतो. या अक्षरात माणूस आणि डोंगर शेजारी-शेजारी उभे आहेत. त्याला देव न म्हणता ‘सिद्ध’ म्हणावं. नवनाथांच्या गोष्टी ऐकलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

‘ट्रिब्युलेशन’ची गंमत मोठी आहे. चिनी शब्द आहे ‘ज्ये’, आणि तो निम्मा आपला आहे. बौद्ध ग्रंथांचे चिनी अनुवाद होत असताना संस्कृत ‘कल्प’साठी हे अक्षर ध्वनीवरून घेतलं. आजच्या उच्चारात साम्य दिसत नाही, पण कँटनीज बोलीत ते अजून ‘किप’सारखं उच्चारतात. या अक्षराचा मूळ चिनी अर्थ होता लुटणं, दरडावून हिसकावणं. कल्पाच्या शेवटी अग्नी, पाणी आणि वारा सृष्टी संपवतात ही कल्पना त्याला येऊन मिळाली आणि ‘ज्ये’ म्हणजे टळणार नाही असं अरिष्ट, असा अर्थ पक्का झाला. मराठीतही काळ मोजणारा हा शब्द असाच घसरला आहे. ‘रडून कल्पांत केला’ म्हणताना युगांचा हिशोब कुणाच्या मनात असतो?

या मालिकांमध्ये ‘ज्ये’ डोळ्यांना दिसतं. साधक वरच्या पायरीवर चढताना आभाळ काळवंडतं आणि विजा त्याच्या अंगावर येतात. त्याहून अवघड ते प्रेमाचं ‘ज्ये’. ‘इटर्नल लव्ह’ या 2017 सालच्या मालिकेत मर्त्य म्हणून जगणारी सूसू डोळे गमावते आणि चाचपडत जाऊन स्वर्गातल्या उंच चौथऱ्यावरून उडी घेते. पुढे कळतं की ती मुळात देवलोकातली. हे सगळं तिचं ‘ज्ये’ होतं आणि ते पार पडल्यामुळे तिचा दर्जा वाढला. प्रेक्षक मात्र अजून त्या चौथऱ्याशीच असतो. स्वर्गाच्या खातेवहीत जी बढती, तीच माणसाच्या हिशोबात आयुष्याची राखरांगोळी. माझ्या मते या मालिकांचं रडवण्याचं सगळं कसब या दुहेरी हिशोबात आहे. ‘संकट’ या शब्दात बढतीची बाजू येत नाही, म्हणून तो तोकडा पडतो.

मराठीत तयार शब्द आहे : दिव्य. जुन्या न्यायनिवाड्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढणं हे रवादिव्य. पार पडलं तर माणूस खरा. दिव्याने खरेपणा सिद्ध होतो आणि ‘ज्ये’ने दर्जा चढतो, एवढा फरक मी चालवून घेईन, कारण ‘दिव्यातून जाणं’ हे चिनी ‘दूज्ये’सारखंच पार होण्याचं क्रियापद आहे, शिवाय शब्दातच देवलोक आहे. तेव्हा ‘ती प्रेमाच्या दिव्यातून जातेय’ असं खुशाल सांगा.

ताईंनी जाता जाता त्या वाऱ्यावर तरंगणाऱ्या बाह्या आणि पट्ट्यांबद्दलही विचारलंय. चिनी प्रेक्षक त्याला ‘श्येनछी’ म्हणतात, म्हणजे सिद्धाची हवा. 2023च्या ‘टिल द एंड ऑफ द मून’ने वेशभूषा वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या बौद्ध गुहाचित्रांवरून घेतली. त्या चित्रांतल्या ‘फेइथ्येन’, म्हणजे उडत्या देवता, पंखांशिवाय, नुसत्या लांब पट्ट्यांच्या वळणावर उडतात. त्यांचं कूळ भारतीय गंधर्व-अप्सरांचं. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातली अप्सरा नीट पाहा : तिच्या गळ्यातले सर एका बाजूला झुकलेत, म्हणून ती उडतेय हे कळतं. चित्रकाराने वारा काढलेला नाही, दागिने हलवले आहेत. मालिकावाले आज तेच काम रेशमाकडून करून घेतात. काहींचा पंखा जरा जास्तच वेगात असतो, ते सोडा.

राहिला ‘डीमन’. सबटायटलांत तो दोन निराळ्या शब्दांसाठी येतो. कोल्हा, साप किंवा झाड साधनेने माणसाच्या रूपात आलं की ते ‘याओ’. ‘मो’ वेगळा, तो बुद्धाला छळणाऱ्या ‘मारा’वरून आलाय. मूळ धरून ‘मारलोक’ म्हणायला गेलात तर मैत्रीण मारामारीची जागा समजेल. तिथे असुर चालवून घ्या.