वाचक विचारतात : माळ्यावरची काऊबॉय पोस्टरं

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं घर शिवाजी पेठेत, जुनं कौलारू. आजोबा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. गेल्या महिन्यात कौलं उतरवायला माळा रिकामा केला तर पत्र्याच्या ट्रंकेत सात इंग्लिश पोस्टरं निघाली, घड्या घातलेली, सगळी घोडे नि बंदुकवाल्यांची, एक तर 'मॅकेनाज गोल्ड'चं. कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत, मागं टॉकीजचा शिक्का आहे, घडीवर कागद विरलाय. मित्र म्हणतोय लॅमिनेशन करून टाक. मामा म्हणतात घडीची पोस्टरं डुप्लिकेट, ओरिजिनल गुंडाळलेलं असतं. काय करू?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी मित्राला थांबवा. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक गरम करून कागदाला कायमचं चिकटवतात, ते परत निघत नाही, काढायला गेलं की शाई त्याच्याबरोबर येते. मी स्वतः भोगलंय हे. इथल्याच एका फ्रेमवाल्याकडे पोस्टर दिलं, त्यानं न विचारता हार्डबोर्डवर गोंदानं डकवलं, दोन पावसाळ्यांत सगळीकडे पिवळे डाग, आजही बघवत नाही मला ते.

मामांचं तर बरोबर उलटं आहे. अमेरिकेत साधारण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोस्टरं घडी घालूनच थेटरांना जायची, आडव्या तीन घड्या नि उभी एक. त्यामुळं १९५०-६० चं पोस्टर एकही घडी नसलेलं, कोरं करकरीत दिसलं तर उलट मी जरा जास्त बारकाईनं बघतो.

आता टेप घ्या. जुनं अमेरिकन वन-शीट, म्हणजे तिथल्या थेटरांचं नेहमीच्या मापाचं पोस्टर, २७ बाय ४१ इंच असायचं, आणि हल्ली भिंतीवर लावायला छापतात ती बरीचशी २४ बाय ३६. तुमचं ३० बाय ४० च्या आसपास भरलं तर बहुतेक भारतातच छापलेलं असणार, खाली बारीक अक्षरात प्रेसचं नाव मिळतंय का बघा, आणि ते कमी दर्जाचं समजू नका, ते आपल्या प्रेक्षकांसाठी काढलेलं पोस्टर आहे, मला तर तेच जास्त आवडतं. मग घड्याळवाल्याकडचं भिंग आणा आणि खालची नावांची बारीक अक्षरं बघा. मूळ छपाईत अक्षर भरीव नि धारदार दिसतं, फोटो काढून परत छापलेलं असेल तर अक्षराच्या कडा फुटतात, आतसुद्धा ठिपके दिसतात.

अमेरिकन प्रतीवर खाली उजवीकडे बऱ्याचदा नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा, म्हणजे थेटरांना पोस्टरं पुरवणाऱ्या कंपनीचा, नंबर असतो, आधी वर्षाचे दोन आकडे मग तिरपी रेघ, आणि वर्षाच्या आकड्यांआधी इंग्लिश आर (R) असेल तर ते पिक्चर परत लावलं तेव्हाचं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' इटलीत १९६४ ला आला पण अमेरिकेत १९६७ ला, म्हणून त्याच्या अमेरिकन पोस्टरवर ६७ असतं, ६४ नाही म्हणून कुणी खोटं ठरवलं तर ऐकू नका.

'मॅकेनाज गोल्ड' १९६९ चा, आपल्याकडे तुफान चालला. पण पिक्चर चालला म्हणून पोस्टर उरतं असं नाही, भिंतीवर खळ लावून डकवलेलं सोलून निघतं थोडंच? पावसानं गेलं नाही तर त्याच्यावर पुढच्या पिक्चरचं बसायचं. तुमच्या आजोबांनी न डकवलेली घरी आणून जपली म्हणून ती आहेत.

भोकं, शिक्का काही पुसू नका. आजोबा कुठल्या टॉकीजला होते, किती वर्षं, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, पोस्टरवर पेन नको. विरलेल्या घडीला सेलोटेपही नको, पिवळा पडून कागद खातो. दुरुस्ती करायचीच तर कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाकडूनच, ते गव्हाची खळ वापरून कापडावर चढवतात, गरज पडली तर ती पाण्यानं सुटते. घरी प्रयोग करू नका, हात जोडतो.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, तेव्हा माळ्यावर परत अजिबात नाही. पोस्टरं उलगडून सपाट, मध्ये अ‍ॅसिड-फ्री कागद, लोखंडी कपाटात, ते कपाटही बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका नि बदलत राहा. ओलसर वाटलं तर पंख्याखाली धरा, उन्हात नको, लाल-पिवळा रंग आधी उडतो. फ्रेम केलीत तर काच कागदाला टेकू देऊ नका, नाहीतर ओल धरून चिकटते.

प्रश्न : मला वेस्टर्न पिक्चर खूप आवडतात पण हॉस्टेलच्या खोलीत पोस्टर ठेवायला जागा नाही, बजेटही कमी आहे. सुरुवात कशी करू?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : लॉबी कार्ड घे. ११ बाय १४ इंचाचं असतं, जाड कागद, थेटरच्या बाहेर काचेत लावायचे, बहुतेक आठांचा सेट. सुटं एक कार्ड पोस्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं नि फाईलमध्ये मावतं, फक्त ती फाईल पीव्हीसी प्लास्टिकची नको, पॉलिएस्टरची बघ. नावाजलेल्या हिरोच्या मागं न लागता जो सीन बघून तुला पिक्चर आठवतो तो घे. आणि कोल्हापुरात आहेस तर बाबूराव पेंटरांचं कामही बघ. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पोस्टर भारतातल्या टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या पोस्टरांत धरतात, आणि ते या गावात झालंय. घोडा कसा काढलाय, चेहऱ्यावर उजेड कुठून पाडलाय हे आपल्या माणसाच्या कामात एकदा नीट बघितलंस की काऊबॉयच्या कार्डातलं चांगलं-वाईट तुझं तुलाच कळायला लागेल. पहिलं कार्ड आलं की मागची बाजू पण बघ, डाग किंवा चिकटपट्टी असली तर किंमत पाडून माग.