मेक्सिकोच्या आखातातली 2010 ची तेलगळती थांबायला इतके दिवस का लागले? आणि त्यानंतर अमेरिकेने समुद्रातलं खोदकाम बंद का केलं नाही?

मुख्य अडचण खोलीची. 20 एप्रिलला 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर, म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर, स्फोट झाला, 11 कामगार गेले. विहिरीचं तोंड मात्र सुमारे 1,500 मीटर पाण्याखाली. एवढ्या खोलीवर पाणबुडे उतरू शकत नाहीत. सगळं दूरनियंत्रित यंत्रांनी करायचं. विहीर बंद करणारा 'ब्लोआउट प्रिव्हेंटर' ऐनवेळी निकामी ठरला. गळतीवर पोलादी घुमट ठेवून पाहिला, तर वायू आणि थंडगार पाण्याचे बर्फासारखे स्फटिक होऊन तोच तुंबला. वरून जड चिखल रेटला, तोही वाया. अखेर नवं झाकण बसवून 15 जुलैला गळती थांबली, म्हणजे 87 व्या दिवशी.

बंदी अजिबात आली नाही असं नाही. ओबामा सरकारने खोल समुद्रातल्या नव्या खोदकामाला सहा महिन्यांची स्थगिती दिली. न्यायालयाने ती अडवली, सरकारने दुसरी काढली आणि ऑक्टोबरमध्ये उठवली. लुइझियाना या किनारी राज्याचं पोट मासेमारीवर तसं तेलावरही, त्यामुळे स्थगितीला सर्वांत जोरदार विरोध तिथूनच.

माझ्या मते खरी गोम वेगळीच होती: खोदकामाचे परवाने देणारं, रॉयल्टी गोळा करणारं आणि सुरक्षा तपासणारं खातं एकच! ते मात्र नंतर तोडून वेगळं केलं.