साठ किलोवर अडलेला बार आणि दुखणारा खांदा

व्यायामाच्या या सदरात या वेळी फक्त बेंच प्रेसवरचे, म्हणजे बाकावर उताणे झोपून वजनाचा बार छातीपर्यंत आणायचा आणि वर दाबायचा या व्यायामावरचे, प्रश्न घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच शंका त्यातच सुटतात.

प्रश्न : वय २९, वजन ७२ किलो. दोन वर्षे नियमित जिमला जातो. बेंच प्रेस ६० किलोवर अडकला आहे. पाच वेळा जेमतेम होतो. बार खाली आणताना उजव्या खांद्याला पुढच्या बाजूने कळ येते. आमचे ट्रेनर म्हणतात, बार गळ्याजवळ आणायचा आणि कोपरे अगदी आडवी ठेवायची, तरच छातीवर ताण येतो. हे बरोबर आहे का? (पुणे)

उत्तर : जड वजनासाठी बरोबर नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळही बहुधा एकच आहे. कोपरे धडाशी ९० अंशांत ठेवून बार गळ्याकडे आणला, की दंडाचे हाड खांद्याच्या वरच्या हाडाकडे सरकते. त्या दोन हाडांमधल्या अरुंद फटीतून स्नायूंचे कंडरे जातात आणि नेमके तेच चिमटतात. खांदा दुखू लागला की जोर आपोआप कमी लागतो आणि वजन अडते.

आता पहिल्यापासून पाहू. बेंचवर असे झोपा की डोळे बारच्या बरोबर खाली येतील. याहून वर सरकलात तर बार दाबताना हुकांवर, म्हणजे तो टेकवून ठेवायच्या आधारांवर, आदळेल. फार खाली गेलात तर बार काढतानाच खांदे सैल पडतील. पाय गुडघ्यांच्या किंचित मागे, तळवे पूर्ण टेकलेले. उंची कमी असल्याने पाय अधांतरी राहत असतील तर दोन्ही पायांखाली एकेक १० किलोची प्लेट आडवी ठेवा.

मग खवाटे, म्हणजे पाठीवरची दोन पाती, एकमेकांकडे ओढा आणि तशीच कमरेच्या दिशेने खाली दाबा. छाती आपोआप वर येते. सेट (न थांबता सलग केलेल्या वेळा) संपेपर्यंत पाती याच जागी राहिली पाहिजेत. बहुतेकांची ती बार हुकावरून काढतानाच सुटतात, आणि त्याचे कारण साधे असते : हुक फार उंच लावलेले असतात. बार काढायला खांदे उचलावे लागले, की झालेली बांधणी मोडली. हुकावरच्या बारला हात लावल्यावर कोपर थोडे वाकलेले असावे आणि ते सरळ केले, की बार हुकातून सुटावा. कोणी मदतीला असेल तर त्याने बार वर उचलायचा नाही, तुमच्या खांद्यांवर येईपर्यंत पुढे सरकवून द्यायचा.

पकडीत बार बोटांच्या मुळाशी घेऊ नका. तो तळहाताच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडांच्या थेट वर बसला पाहिजे. बोटांकडे गेला की मनगट मागे मोडते आणि तिथेही दुखू लागते. अंगठा बाराभोवती हवाच; अंगठा न लावता धरलेला बार घसरला तर तो छातीवर किंवा गळ्यावरच येतो. पकड किती रुंद ठेवायची हे ठरवायला पायाकडच्या बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करा. बार छातीला टेकलेला असताना कोपर मनगटाच्या सरळ खाली दिसले पाहिजे. ते आत दिसले तर पकड फार रुंद आहे, बाहेर दिसले तर फार अरुंद. स्पर्धेच्या बारवर ८१ सेंटिमीटर अंतरावर खुणेची दोन वर्तुळे असतात. आपल्याकडच्या अनेक जिममधल्या रॉडवर ती नसतात, मग खरखरीत भागाच्या कडेपासून बोटे मोजून जागा पक्की करा.

वर पूर्ण श्वास घ्या, रोखा आणि साधारण दोन सेकंदांत बार खाली आणा. तो छातीच्या खालच्या भागावर, स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा जरा खाली टेकावा. दंड आणि धड यांत ५० ते ७० अंशांचा कोन ठेवा. टेकवायचा म्हणजे टेकवायचा. बरगड्यांवर आपटून उसळवलेले वजन हिशेबात धरू नका. वर जाताना बार सरळ रेषेत जात नाही. वर आणि डोक्याकडे असा तिरका जाऊन खांद्यांच्या वर थांबतो. टेकलेला असताना तो खांद्याच्या सांध्यापासून बराच पुढे असतो, त्यामुळे सांध्यावरचा भार जास्त असतो. मागे जाईल तसा तो हलका होतो. त्याच क्षणी पायांनी जमीन पुढे ढकला, जणू अंग डोक्याच्या दिशेने सरकवायचे आहे. नितंब मात्र बेंचवरून सुटू देऊ नका. बार अर्ध्याच्या वर गेला की श्वास सोडा.

आता तुमचे ६० किलो. तीन आठवडे ५० वर या. आठवड्यातून दोन दिवस, ५ वेळांचे ४ सेट, आणि प्रत्येक वेळी बार छातीवर एक सेकंद थांबवून. त्यानंतर एक दिवस जड (५ वेळांचे ३ सेट) आणि दुसरा दिवस हलका (त्याच्या सुमारे ८५ टक्क्यांवर ८ वेळांचे ३ सेट). जड दिवशी ५२.५ पासून सुरू करून आठवड्याला फक्त २.५ किलो वाढवा. यासाठी १.२५ किलोच्या दोन प्लेट लागतात. जिममध्ये सर्वांत लहान प्लेट २.५ ची असेल तर प्रत्येक उडी ५ किलोची होते, आणि ६० किलोवर ती आठ टक्क्यांहून मोठी आहे. कित्येकांचे वजन केवळ यामुळे अडते. आधी अंग गरम करण्यासाठी रिकामा बार १० वेळा दोनदा, मग ३५ वर ५ आणि ४५ वर ३. त्यात दमायचे नाही.

सेटमधली विश्रांती तीन मिनिटांची, एका मिनिटाची नव्हे. आणि जितके सेट छातीचे, तितके पाठीचे : वाकून रोइंग किंवा केबल रोइंग, म्हणजे वजन स्वतःकडे ओढण्याचे व्यायाम.

महिनाभरात कळ गेली नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येईना किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर बेंच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. तोवर जमिनीवर झोपून डंबेल दाबा, तळवे एकमेकांसमोर. जमीन कोपरांना आडवी येते, त्यामुळे खांदा फार खोल जात नाही.

प्रश्न : मित्र सपोर्टला उभा असतो तेव्हा माझे ८० किलो सहज होतात. एकट्याने ७० लाही धाप लागते. असे का? (नाशिक)

उत्तर : कारण १० किलो मित्र उचलतो. "तुझंच आहे, तुझंच आहे" असे ओरडत दोन्ही हातांनी बार ओढणारा सोबती प्रत्येक जिममध्ये सापडतो. त्याच्या पाठीचा व्यायाम चांगला होतो. सपोर्टला उभ्या असलेल्याने हात बाराजवळ ठेवावेत, पण लावू नयेत. बार वर जाता जाता थांबला आणि खाली परतू लागला, तरच धरावा. आणि एकदा धरला की हुकात बसेपर्यंत सोडू नये. ज्या वेळी त्याचा हात लागला ती वेळ मोजायची नाही. तुमच्या वहीत ७० लिहा.

प्रश्न : गच्चीवरच्या खोलीत बेंच, रॉड आणि ८० किलोच्या प्लेट घेतल्या आहेत. घरी एकटाच असतो. काय काळजी घ्यावी? (नागपूर)

उत्तर : सर्वांत आधी रॉड घरच्या वजनकाट्यावर तोला. दुकानातले रॉड ८, १०, १२, १५ किलोचेही असतात. २० किलोचा असतो तो स्पर्धेचा बार. यात चूक झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

एकट्याने व्यायाम करणाऱ्याला खरे तर दोन्ही बाजूंना आडव्या सुरक्षा-दांड्या असलेला रॅक हवा. दांड्या अशा उंचीवर लावा की छाती वर काढून झोपल्यावर बार छातीला टेकेल, पण पाठ सपाट करताच तो दांड्यांवर बसेल. रिकाम्या बारने हे तपासून पाहा, मगच वजन लावा.

दांड्या नसतील तर प्लेटला क्लिपा लावू नका. बार अडकला तर एका बाजूला झुकवा. त्या बाजूच्या प्लेट घसरतील आणि मग दुसरी बाजू जोरात खाली येईल. आवाज मोठा होतो, शेजारी येतात, पण बरगड्या शाबूत राहतात. क्लिपा लावलेल्याच असतील तर बार छातीवर ठेवून पोटावरून मांड्यांकडे लोटत न्या आणि उठून बसा. हा उपाय हलक्या वजनालाच चालतो. गळ्याच्या दिशेने कधीच न्यायचा नाही. आणि एकटे असताना दम संपेपर्यंत सेट ओढू नका, आणखी दोन वेळा होतील असे वाटते तिथेच थांबा.

आणखी एक, ज्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात : सेट संपल्यावर एका बाजूच्या सगळ्या प्लेट एकदम काढू नका. घरगुती बेंचचे खांब जवळजवळ असतात. भरलेली बाजू खाली जाते आणि रिकामे टोक तोंडावर येते. एक इकडून, एक तिकडून.

प्रश्न : वय ४४. गुडघे आणि हाडांसाठी वजनाचे व्यायाम सुरू केले. मोठा रॉड मला एकदासुद्धा दाबता येत नाही. बायकांनी हा व्यायाम करावा का? (ठाणे)

उत्तर : जरूर करावा, फक्त सुरुवात बारने करू नका. दोन्ही हातांत ४-४ किलोचे डंबेल घ्या आणि १० वेळांचे ३ सेट, आठवड्यातून दोनदा. तीनही सेटमध्ये १२ वेळा जमले की ५ वर जा. जोडीला स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून तिरके पुशअप घाला. ते सोपे झाले की पलंगाच्या कडेवर या. हातांत ८-८ किलो आले, की १० किंवा १५ किलोचा रॉड सहज पेलेल. स्त्रियांच्या वेटलिफ्टिंगचा बारही १५ किलोचाच असतो आणि जरा बारीक असल्याने लहान हातात नीट बसतो.

रक्तदाब वाढलेला असेल किंवा हर्निया असेल तर श्वास रोखू नका, दाबताना सावकाश सोडत राहा आणि सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : इंटरनेटवर काही जण पाठीची कमान करून बेंच मारतात. ही लबाडी नाही का? कणा मोडत नाही का? (सोलापूर)

उत्तर : इथे वजन कण्यावर उभे येत नाही. ते हातांतून खवाट्यांवर आणि तिथून बेंचवर उतरते. म्हणून बेंचवरची कमान आणि वाकून पोते उचलतानाची कमान एकाच मापाने मोजू नये. कमरेखालून तळहात सरकेल एवढी कमान प्रत्येकाने ठेवावी. तिच्यामुळेच खवाटे जागेवर राहतात. त्याहून मोठी कमान हा स्पर्धकांचा प्रश्न आहे : छाती उंच झाली की बारचा प्रवास घटतो. कमरेत कळ येत असेल, तर कमान बरगड्यांच्या मागे न येता कमरेतच मोडते आहे, ती कमी करा.

प्रश्न : तालमीत रोज १०० जोर काढतो, तरी बेंचवर ५० किलोला हात थरथरतात. (कोल्हापूर)

उत्तर : साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो. जोर काढताना अंग पुढे-मागे झोकत असल्याने तो सारखा बदलतो. शंभर जोरांनी दम आणि चिवटपणा येतो, जास्तीत जास्त ताकद नव्हे. शिवाय बार दोन्ही हातांत मोकळा तोलावा लागतो, ती सवय वेगळी. सहा-आठ आठवड्यांत थरथर जाईल. जोर मात्र सोडू नका. त्यांत खवाटे मोकळेपणी फिरतात, बेंचवर ती बांधलेली असतात. खांद्याला दोन्ही हवे.

प्रश्न : जिल्हा पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत पहिल्यांदा उतरायचे आहे. जिममध्ये ९५ किलो होतात. काय लक्षात ठेवू? (जळगाव)

उत्तर : ते ९५ छातीवर थांबवून होतात का, ते आधी पाहा. स्पर्धेत पंच तीन आज्ञा देतात : 'स्टार्ट' म्हटल्यावर बार खाली, छातीवर तो निश्चल झाल्यावर 'प्रेस', आणि कोपरे सरळ होऊन स्थिर झाल्यावर 'रॅक'. आज्ञेआधी हललात तर लिफ्ट बाद. डोके, खांदे आणि नितंब बेंचला, तळवे जमिनीला टेकलेले हवेत. दोन्ही तर्जन्यांमधले अंतर ८१ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाने २०२३ पासून आणखी एक अट घातली आहे : बार खाली असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीइतकी किंवा तिच्याखाली आली पाहिजे. मोठी कमान आणि रुंद पकड असलेल्यांना ती जाचते.

वजनात बारचे २० आणि प्लेट जागी धरणाऱ्या दोन कॉलरचे ५ किलो धरलेले असतात. तिन्ही प्रयत्न २.५ च्या पटीत असतात आणि एकदा लागलेले वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही. तुम्ही पहिले ८५ सांगा, म्हणजे थांबवून तीन वेळा होते तेवढे. दुसरे ९०. पहिलेच ९५ सांगितलेत आणि गडबडीत 'प्रेस'आधी हललात, तर उरलेले दोन्ही प्रयत्न त्याच वजनाखाली किंवा त्याहून जड वजनाखाली करावे लागतील.