वडिलांचा पीएसए ७.८ आलाय, कॅन्सरच असेल का?

तुम्ही लिहिलंय की धरणगावकडच्या तुमच्या गावी आबांची (वय ६९) लघवी तुंबली, दवाखान्यात नळी टाकावी लागली. नळी काढल्यावर चारच दिवसांनी कुणीतरी सुचवलं म्हणून रक्त तपासलं, तर पीएसए ७.८. रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला, शेजारी नॉर्मल ० ते ४. आता घरातल्या सगळ्यांनी धसका घेतलाय आणि आबांना थेट मुंबईला टाटाला न्यायचं चाललंय.

मुंबईची घाई नको. मी चाळीसगावला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट घेऊन हादरलेली माणसं कायम समोर येतात, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

पीएसए हे प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या पेशी तयार करतात ते प्रथिन. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं. कॅन्सर असला तर जास्त उतरतं. पण वयामुळे प्रोस्टेट नुसतं वाढलं, लघवीत इन्फेक्शन झालं, लघवी तुंबली किंवा नळी घातली, तरीही जास्तच उतरतं. मशीन फक्त प्रथिन मोजतं. ते कशामुळे वाढलं हे त्याला कळत नाही. आबांच्या बाबतीत तुंबणं आणि नळी, दोन्ही नुकतंच झालेलं. त्या ७.८ वरून आज काहीच ठरवता येणार नाही.

म्हणून सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. मधल्या काळात लघवीची तपासणी करून इन्फेक्शन असेल तर त्याचा औषधोपचार पूर्ण करा, मग पीएसए पुन्हा करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण मशीन बदललं की आकडाही थोडा इकडेतिकडे होतो. उपाशीपोटी जायची गरज नाही. आदले दोन दिवस सायकल चालवू नये, शरीरसंबंध ठेवू नये. हे वडिलांना सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, पण सांगितलं गेलं पाहिजे.

आणि आबांच्या गोळ्यांची पाकिटं बघा. लघवीसाठी देतात त्या काही गोळ्यांत फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड असतं. सहा महिने ते वर्षभर ती घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो. अशा माणसाचा ३.५ म्हणजे खरा ७ धरावा लागतो. कागदावर मात्र ‘नॉर्मल’ दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. मला त्या उलट्या धोक्याची जास्त भीती वाटते. लॅबमध्ये आणि डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवाच.

दुसऱ्यांदाही आकडा चढाच राहिला तर जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या युरोलॉजिस्टकडे (मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे) जा. ४ ते १० च्या दरम्यान पीएसए असलेल्यांची बायोप्सी (सुईने प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासणी) केली तर साधारण चारात एकालाच कॅन्सर निघतो. १० च्या वर गेला तर शक्यता निम्म्याहून जास्त. युरोलॉजिस्ट गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतील, सोनोग्राफीत प्रोस्टेट किती मोठं आहे बघतील, कदाचित फ्री पीएसए (रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा पीएसए) तपासायला सांगतील. एकूण पीएसएमधलं फ्रीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर काळजी कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. आता बायोप्सीआधी एमआरआय करायची पद्धत आहे. खर्च होतो, पण त्यामुळे बऱ्याच जणांची बायोप्सी टळते.

समजा निघालाच, तरी या वयातले पुष्कळ प्रोस्टेट कॅन्सर इतके सावकाश वाढतात की डॉक्टर नुसती नजर ठेवतात, ठरावीक काळाने पीएसए करत राहतात. ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, तेव्हा ‘काढूनच टाका’ म्हणून हट्ट धरू नका. याच कारणाने अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सांगितलं की काही त्रास नसलेल्या सत्तरीपुढच्या पुरुषांची सरसकट पीएसए तपासणी नको, आणि ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने-त्याने ठरवावं. कुणाला काही न विचारता पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यांचंही कॅम्पमध्ये हे रक्त काढणं मला पटत नाही. आबांचं वेगळं आहे. त्यांना त्रास झाला होता, त्यांचा शोध पूर्ण करायलाच हवा.

थांबा म्हणालो, त्याला अपवाद आहेत. पाठीत किंवा कमरेच्या हाडात रात्रंदिवस दुखत असेल, वजन उतरत असेल, लघवीत रक्त दिसत असेल तर आठवडे मोजू नका, लगेच दाखवा. पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. आकडा काही दहा-वीसच्या घरात थांबतो असं नाही, शेकड्यांतही जातो. तेव्हाही थांबू नका.

शेवटी तुमच्याबद्दल. आबांना कॅन्सर निघाला तर तुमचा आणि तुमच्या भावांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट धरतात. मग पन्नाशीची वाट न बघता पंचेचाळिशीतच डॉक्टरांकडे हा विषय काढा.